रोजच्याच रस्त्यावर नवीन काहीतरी कसं शोधायचं

काहीच सुचत नाहीये असं वाटायला लागलं की आपण एकतर कुठेतरी लांब जायचे प्लॅन करतो नाहीतर फोन उघडून दुसऱ्यांचं काम बघत बसतो, आणि तासाभराने डोकं आणखीनच जड होतं. मला स्वतःला उलटंच जमलंय. रोजची जी जागा आहे ना, तीच धरून बसायची.

तर पहिलं काम, एक कोपरा ठरवा. बसस्टॉप, जिना, घराची खिडकी, काहीही चालेल, पण रोज तिथे जाणं व्हायला हवं. दोन आठवडे तोच कोपरा, वेळ मात्र बदलत राहायची. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८९२ आणि ९३ मध्ये फ्रान्समधल्या रूआँ शहरात कॅथेड्रलच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चच्या, समोर जागा घेतली आणि त्या एकाच दर्शनी भागाची तीसच्या वर चित्रं केली, एकाच वेळी बरेच कॅनव्हास सुरू असायचे आणि उजेड बदलला की तो पुढचा कॅनव्हास घ्यायचा. दगड तोच, सकाळी निळसर आणि दुपारी पिवळा. हे एकदा डोळ्यांना कळलं की आपल्या गल्लीतली भिंतसुद्धा तशी दिसायला लागते, खरंच सांगतो.

फोटोसाठी मोठा कॅमेरा नको, फोन पुरे. सूर्य खाली असताना, म्हणजे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावल्या लांब पडतात तेव्हा जा. स्क्रीनवर सगळ्यात उजळ भागावर बोट दाबून धरा आणि मग ब्राइटनेस खाली ओढा, समोरून जाणारी माणसं काळ्या आकृत्या होतात आणि फालतू पसारा आपोआप अंधारात जातो. पाऊस पडत असेल तर काचेच्या आतून काढा. फोटोग्राफर सॉल लायटर कितीतरी वर्षं न्यूयॉर्कमध्ये आपल्या घराजवळच्या रस्त्यांवरच फोटो काढत राहिला, ओल्या काचा, छत्र्या, वाफ, त्यातून अर्धवट दिसणारा एखादा लाल रंग. आणि हो, कोणाला आपला फोटो नको असेल तर डिलीट करायचा, वाद घालायचा नाही.

आता कान. हेडफोन काढून पाच मिनिटं उभं राहायचं आणि आधी जवळचे आवाज मोजायचे, मग लांबचे, मग अगदी शेवटी जे सतत चालूच असतं आणि म्हणून ऐकूच येत नाही ते. चेक संगीतकार यानाचेक लोकांच्या बोलण्यातले चढउतार वहीत चक्क नोटेशनमध्ये, म्हणजे स्वरलिपीत, लिहून ठेवायचा. आपल्याला नोटेशन येत नसेल तरी चालतं, कोणी हाक मारली तर आवाज वर गेला की खाली आला एवढी एक रेघ काढता येतेच की. अमेरिकन संगीतकार गर्शविनने तर पॅरिसहून टॅक्सीचे हॉर्न आणले आणि १९२८ च्या रचनेत ते ऑर्केस्ट्रामध्ये वाजवले. घरी आल्यावर आवडीचं एखादं गाणं तीनदा ऐका, एकदा नुसतं, एकदा फक्त ताल पकडून, एकदा फक्त खालचे सूर पकडून.

आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग म्हणजे एकातलं दुसऱ्यात नेणं. डच चित्रकार पीट मोंड्रियान १९४० मध्ये न्यूयॉर्कला आला, साठी कधीच उलटलेली, तिथलं बूगी वूगी, म्हणजे पियानोवरचं जोरदार ठेक्याचं संगीत, त्याला प्रचंड आवडायचं आणि शहराचे सरळ कापलेले रस्ते समोर होतेच. १९४२-४३ मध्ये त्याने जे चित्र केलं त्यात त्याच्या आधीच्या चित्रांतल्या काळ्या रेघा गेल्या आणि पिवळ्या पट्ट्यांवर लाल, निळे, राखाडी छोटे चौकोन आले, बघताना ठेका ऐकू आल्यासारखा वाटतो. तर तसंच करून बघा, चौकातला आवाज पेनाने ठिपके आणि रेघांमध्ये काढा, लांब हॉर्न म्हणजे लांब रेघ, पावलं म्हणजे ठिपके. चित्र वाईट आलं तरी काही बिघडत नाही, कान किती वेळ जागे राहिले ते बघायचं.

म्युझियमला गेलात तर सगळी दालनं पालथी घालू नका, एकच चित्र, दहा मिनिटं, आणि शेजारची पाटी शेवटी वाचा.

रोज एक ओळ लिहा, पण "छान वाटलं" असली नको. "चार वाजता जिन्यावरची सावली तिसऱ्या पायरीपर्यंत" अशी लिहा. कंटाळा आला त्या दिवशीसुद्धा एक फोटो काढाच. दोन आठवड्यांनी सगळे फोटो तारखेप्रमाणे शेजारीशेजारी लावा आणि आधी कंटाळ्याच्या दिवसाचा फोटो बघा, माझ्या बाबतीत बऱ्याचदा पुढचं काम त्याच्यापासूनच सुरू झालंय.