सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू हवाय पण बजेट नाही? हाडाची मूठ बघा

जुन्या पद्धतीचा, लॉक नसलेला घडीचा चाकू आणि त्याला शिंगाची मूठ, दिसायला भारीच असतं, पण खरं सांबरशिंग आता महागच पडणार कारण ते पूर्वी भारतातून जायचं आणि ती निर्यात कधीच बंद झालीये. इथे राहणाऱ्यांनी तर नादालाच लागू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्यात अडकाल, मग भले शिंग आपोआप गळून पडलेलं असो.

त्यापेक्षा अमेरिकेत वगैरे असाल तर 'जिग्ड बोन' शोधा. म्हणजे गुरांचं हाड, त्यावर खाचा पाडून रंग दिलेला, लांबून शिंगासारखंच वाटतं. स्वस्तात रफ रायडर ब्रँडचा चाकू घ्या, चायनाचा आहे पण फिनिशिंग किमतीच्या मानाने मस्त. पेनसिल्वेनियाच्या 'केस' (Case) या चाकूच्या कंपनीचा घेणार असाल तर नवीनच पाहिजे असा हट्ट नको, वापरलेला बघा, फक्त पातं धार लावून लावून झिजलेलं नाही ना आणि उघडल्यावर डुगडुगत नाही ना एवढं विचारून घ्या.

फोटोत मूठ नीट झूम करून बघायची, खऱ्या हाडावर बारीक छिद्रं किंवा काळपट रेघा दिसतात आणि दोन्ही बाजू डिट्टो सेम नसतात, अगदी एकसारख्या असल्या तर बहुतेक प्लास्टिक (डेलरिन म्हणून विकतात, वाईट नाही, पण मग हाडाचे पैसे का द्यायचे). आणि हाडाची मूठ पाण्यात भिजत ठेवू नका, तडकते.