रोमन इतिहास शिकायचाय? सम्राटांची यादी आधी बाजूला ठेवा

माझ्या पहिल्या निबंधाचं पहिलंच वाक्य चुकलं होतं. मी लिहिलं होतं, 'रोमन सम्राट ज्युलियस सीझर'. बाईंनी 'सम्राट' शब्दाभोवती लाल गोल काढला आणि शेजारी एवढंच लिहिलं, 'कधीपासून?'

दिवसभर हिशेब तपासायचे आणि रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून एका परदेशी विद्यापीठाचा पदविका अभ्यासक्रम करायचा, असं माझं चाललं होतं. वय ३१. तो लाल गोल बघून कान गरम झाले, पण बाईंचं खरं होतं. सीझर इ.स.पू. ४४ मध्ये तहहयात डिक्टेटर झाला आणि त्याच वर्षी १५ मार्चला मारला गेला. आपण ज्याला पहिला सम्राट म्हणतो तो त्याचा दत्तकपुत्र ऑगस्टस. त्यानेही स्वतःला राजा म्हणवून घेतलं नाही. 'प्रिन्सेप्स', म्हणजे नागरिकांतला पहिला, एवढंच. राजे हाकलून जवळजवळ पाचशे वर्षं झालेल्या गावात 'राजा' हा शब्द उच्चारणं म्हणजे विस्तवाशी खेळ होता. सगळी सत्ता हातात घ्यायची आणि नाव मात्र जुन्या गणराज्याचं चालवायचं, ही ऑगस्टसची खरी करामत. सम्राटांची यादी पाठ करणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मलाही दिसली नव्हती.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना मी सांगतो: आधी थडग्यांवरचे दगड वाचा.

हसू नका. लग्नपत्रिकेत 'ह.भ.प.' किंवा 'चि. सौ. कां.' दिसलं की आपल्याला कुणी उलगडून सांगावं लागतं का? रोमन शिलालेखांचं तसंच आहे. वर 'डी एम' असेल तर ते थडगं. 'डिस मानिबुस', म्हणजे मृतांच्या आत्म्यांना अर्पण. मग नाव येतं, आणि नावाच्या मध्ये एक अक्षर. 'एफ' असेल तर फिलियुस, अमक्याचा मुलगा. 'एल' असेल तर लिबेर्तुस, अमक्याने मुक्त केलेला गुलाम. एका अक्षरात माणसाचा सगळा भूतकाळ! मुक्त झालेला गुलाम धन्याचंच नाव लावायचा. रोमन वक्ता किकेरो (आपल्याकडे सिसेरो म्हणतात) याचा लेखनिक टिरो मुक्त झाल्यावर मार्कस टुलियस टिरो झाला. धनीण असेल तर 'सी' हे अक्षर उलटं कोरायचे. हे समजलं त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत नुसते उलटे 'सी' शोधत बसलो होतो. क्लाऊस-स्लाबी नावाचा शिलालेखांचा संग्रह इंटरनेटवर फुकट आहे, त्यात पाच लाखांहून जास्त नोंदी आहेत. रोज एक दगड घ्या. सहा महिन्यांत समाज कळायला लागतो: मुलींना स्वतंत्र नाव नसे, घराण्याचंच नाव मिळे, युलियस घराण्यातली प्रत्येक मुलगी युलिया, मग थोरली, धाकटी, तिसरी असं म्हणून ओळखायची.

दगडही फसवतो, तेही लवकर शिका. रोमच्या पॅन्थिऑन या देवळावर मोठ्या अक्षरांत कोरलंय की लुशियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (वर्षभराचा सर्वोच्च अधिकारी) असताना हे बांधलं. म्हणजे इ.स.पू. २७. पण त्याची मूळ इमारत जळाली. आज उभी आहे ती इमारत दीडशे वर्षांनंतरची, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झालेली; तिच्या विटांवरच्या शिक्क्यांवरून ते कळतं. हेड्रियनने जुन्याच बांधणाऱ्याचं नाव वर ठेवलं.

लॅटिनला घाबरून बरेच जण वाट सोडतात. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर तुम्ही अर्धी लढाई जिंकून आलेले आहात. 'इग्निस' म्हणजे अग्नी, 'डेउस' म्हणजे देव, 'सेप्टेम' म्हणजे सप्त. द्विवचन नाही, त्यामुळे 'देवौ'ची कटकट गेली. अडखळायला होतं ते ॲब्लेटिव्ह विभक्तीपाशी. मी आठवडाभर रडलो. मग लक्षात आलं की आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी या तिघींचं काम लॅटिनने एकीच्याच गळ्यात मारलंय. 'ग्लादिओ' म्हणजे तलवारीने, 'रोमा' (शेवटचा आ लांब) म्हणजे रोमहून, 'इन उर्बे' म्हणजे शहरात. इंग्रजी पुस्तकं हे पानंच्या पानं समजावतात. आपल्याला तीन ओळी पुरतात.

लेखकांना वर्तमानपत्र समजून वाचू नका. आपल्या अग्रलेखांत दर पावसाळ्यात नीरो फिडल वाजवतो. फिडल तेव्हा नव्हतंच. रोमला आग लागली इ.स. ६४ मध्ये. रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलंय की तेव्हा नीरो रोममध्ये नव्हता, आंटियम या गावी होता. शहर जळताना नीरो गात होता ही गोष्ट तो अफवा म्हणूनच देतो. शिवाय टॅसिटस स्वतः सिनेटर, आणि त्याने हे लिहिलं पन्नासएक वर्षांनी. कोण लिहितोय, कधी, आणि कुणावर राग धरून, हे आधी विचारा.

आपल्या मातीतलं काही हवं असेल तर तेरला जा, धाराशिव जिल्ह्यात. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर ही दोन बाजारगावं येतात, तिथला माल गाड्यांतून भडोचला जायचा. तगर म्हणजेच तेर. रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो. तेरची हस्तिदंती बाहुली आणि इटलीतल्या पाँपेईत सापडलेली हस्तिदंती मूर्ती या दोघी बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला कांस्याचा पोसायडन, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव, तोही बघून घ्या.

नोकरीचं विचाराल तर स्पष्ट सांगतो, निव्वळ रोमवर आपल्याकडे पोट भरणं अवघड आहे. नाणकशास्त्र, संग्रहालय किंवा अध्यापन यांच्या जोडीला ते घ्या. मी अजून हिशेबच तपासतो.

शेवटी एक पत्र. ब्रिटनच्या उत्तर भागात विंडोलांडा नावाच्या रोमन छावणीत १९७३ पासून लाकडाच्या पातळ पट्ट्या सापडू लागल्या, शाईने लिहिलेल्या. साधारण इ.स. १०० च्या सुमाराची एक पट्टी क्लाउडिया सेवेरा या एका अधिकाऱ्याच्या बायकोची आहे, दुसऱ्या अधिकाऱ्याच्या बायकोला, लेपिडिनाला: माझ्या वाढदिवसाला ये. मजकूर लेखनिकाचा, पण खाली तिने स्वतःच्या वळणात चार शब्द जास्त लिहिलेत. ताई, वाट बघते, अशा अर्थाचे. वाढदिवसाची तारीख दिलीय 'सप्टेंबरच्या इड्सच्या आधीचा तिसरा दिवस'. इड्स म्हणजे महिन्याच्या मध्याचा ठरलेला दिवस, सप्टेंबरात १३ तारखेला. मी १० लिहिलं आणि पुन्हा लाल गोल मिळाला. रोमन माणूस मोजताना दोन्ही टोकं धरतो: १३, १२, ११. त्यांचा दर आठ दिवसांनी भरणारा बाजारही 'नववा दिवस' म्हणवायचा. ते वाचून मी आईला फोन केला, की आपण सात दिवसांना आठवडा का म्हणतो ते मला आज कळल्यासारखं वाटतंय. ती म्हणाली, अरे, आजचा वार धरून मोज की.