टॉक्सिकॉलॉजीत सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे विषारी परिणामांच्या एखाद्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या पद्धतीने शोधून, तपासून एकत्र मांडणं. यातली पहिली चूक सर्चच्या आधीच होते. "फ्लोराइडचे दुष्परिणाम" एवढाच प्रश्न घेऊन बसलात की पेपरांचा ढीग येतो आणि चार महिन्यांनी लक्षात येतं की दात, हाडं, मेंदू सगळं एकत्र कालवलंय. कोणावर, कशाचं किती एक्स्पोजर, तुलना कशाशी, परिणाम कुठला, हे चार मुद्दे म्हणजे पीईसीओ आधी कागदावर आणा आणि प्रोटोकॉल (रिव्ह्यू कसा करणार याचा आराखडा) रजिस्टर करूनच सर्चला हात घाला.

फक्त पबमेडवर (वैद्यकीय पेपरांचा डेटाबेस) थांबू नका. अमेरिकेच्या नॅशनल टॉक्सिकॉलॉजी प्रोग्रॅमने फ्लोराइड आणि मुलांच्या आयक्यूचा रिव्ह्यू केला तेव्हा चिनी डेटाबेसही धुंडाळले, कारण यावरचं बरंच काम चीनमधलंच आहे. नावासोबत कॅस नंबरही (प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक) टाका, सोडियम फ्लोराइडचा ७६८१-४९-४.

सगळ्यात जास्त घोळ डेटा काढताना होतो, इथे प्लीज घाई करू नका. फॉरेस्ट प्लॉटवर (सगळ्या स्टडीजचे निकाल एकाखाली एक दाखवणारा ग्राफ) एखादी स्टडी एकटीच लांब जाऊन बसलीये? आधी मूळ पेपरमध्ये ग्राफखालची बारीक ओळ वाचा, तिथे अनेकदा एसडी (आकडे किती पसरलेत) नाही, एसई (सरासरी किती अचूक) लिहिलेलं असतं. गटात ९ उंदीर आणि एसई २ असेल तर एसडी ६ होतो (एसई गुणिले एनचं, म्हणजे गटातल्या संख्येचं, वर्गमूळ), आणि तो २ तसाच एसडी म्हणून भरला की स्टँडर्डाइज्ड इफेक्ट (एसडीने भागलेला गटांमधला फरक) तिप्पट फुगतो. तसंच पिल्लांचं. डोस गाभण मादीला दिलाय, गटात १० माद्या, प्रत्येकीची ८ पिल्लं मोजली, तर एन १० धरायचा, ८० नाही, कारण एका आईची पिल्लं एकमेकांसारखीच असतात. पेपरवाल्यांनी ८० लिहिलं असलं तरी तुम्ही डोळे झाकून उचलू नका.

जीएलपी (गुड लॅबोरेटरी प्रॅक्टिस, प्रयोगशाळेच्या कामाचे नियम) पाळलेली स्टडी म्हणजे बायस, म्हणजे निकाल एका बाजूला झुकणं, नाही, हे समीकरणही सोडा. जीएलपीत नोंदी चोख असतात, पण परिणाम मोजणाऱ्याला गट माहीत होता का हे वेगळं तपासावं लागतं, त्यासाठी २०१४ पासून सर्कल (SYRCLE) टूल, म्हणजे प्राण्यांवरच्या स्टडीजमधला बायस तपासायची प्रश्नावली, आहेच.

आणि निष्कर्ष ताणू नका. त्याच फ्लोराइड रिव्ह्यूने २०२४ मध्ये लिटरला १.५ मिलीग्रॅमच्या वरच्या पाण्याचा कमी आयक्यूशी संबंध मध्यम खात्रीने मांडला, अमेरिकेत पाण्यासाठी शिफारस असलेल्या ०.७ साठी पुरेसा डेटा नाही असंही स्पष्ट लिहिलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या कितीतरी बोअरचं पाणी १.५ च्या वर जातं, तिथल्या आईवडिलांसाठी हा आकडा खरंच कामाचा आहे, म्हणून तो लिहिताना पातळी आणि खात्री दोन्ही त्याच वाक्यात लिहा.