आकड्यांवरून अक्षरी कोड बनवताय? युनिट टेस्टमधल्या या चुका टाळा

बाणेरच्या आमच्या टीमने दुरुस्तीच्या पावत्यांसाठी आकड्यावरून अक्षरी कोड काढणारं फंक्शन लिहिलं होतं. १ म्हणजे ए, २ म्हणजे बी, अगदी एक्सेलच्या कॉलमसारखं. १, २, ५ या आकड्यांच्या युनिट टेस्ट (एकटं फंक्शन तपासणारे छोटे प्रोग्रॅम) पास झाल्या. सव्विसाव्या पावतीला काउंटरवरून फोन आला, "कोडमध्ये '@' कसा छापलाय?"

२६ ला २६ ने भागलं की बाकी शून्य उरते, आणि या पद्धतीत शून्यासाठी अक्षरच नाही. आम्ही बाकीत ६४ मिळवून अक्षर काढत होतो. आस्कीत (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यात) ६५ म्हणजे ए, पण ६४ म्हणजे '@'. दर वेळी भागण्याआधी एक वजा केला आणि बाकीत ६४ ऐवजी ६५ मिळवले की काम झालं.

म्हणून टेस्टमध्ये काठावरचे आकडे हवेतच: २६ ला झेड, २७ ला एए, ७०२ ला झेडझेड, ७०३ ला एएए. एक्सेलचा शेवटचा कॉलम १६,३८४ वा, एक्सएफडी, तोही घाला. ही उत्तरं एक्सेलमध्ये बघून हाताने लिहा. टेस्टमध्ये तेच सूत्र पुन्हा वापरून अपेक्षित उत्तर काढलंत, तर फंक्शन आणि टेस्ट एकच चूक करतील आणि सगळं पास दिसेल. शून्य आणि उणे आकड्यांना एरर येते का, हेही तपासा. नाहीतर प्रत्येक प्रोग्रॅमिंग भाषेत वेगळीच गडबड होईल: -१ ला २६ ने भागल्यावर जावामध्ये बाकी -१ येते, पायथनमध्ये २५.

कोड बनवून तो उलटा वाचला आणि मूळ आकडा मिळाला, एवढ्यावर बरेच जण थांबतात. मला ही सवय सगळ्यात घातक वाटते. उद्या कुणी अक्षरांच्या यादीचा क्रम बदलला तरी ही टेस्ट पासच होणार. ग्राहकाच्या खिशातली जुनी पावती मात्र भलत्याच मिक्सरकडे बोट दाखवेल. चार-पाच ठरावीक जोड्या टेस्टमध्ये कायमच्या लिहून ठेवा.

कोड फोनवर सांगितला जाणार असेल तर क्रॉकफर्डचा बेस ३२ (आकडे आणि अक्षरं मिळून ३२ चिन्हांची पद्धत) बघा. त्यात आय, एल, ओ, यू ही अक्षरं वापरलेली नाहीत. वाचताना ओ आला तर शून्य, आय किंवा एल आला तर एक धरायचा. ही दुसरी बाजू टेस्ट करायची हमखास राहते.

आकड्यांसोबत लहान-मोठी इंग्रजी अक्षरं मिसळणारा, ६२ चिन्हांचा बेस ६२ घेतलात तर डेटाबेसही तपासा. मायएसक्यूएल ८.० चं डीफॉल्ट कोलेशन (अक्षरांची तुलना करायचा नियम) लहान-मोठ्या अक्षरांत फरक करत नाही, त्यामुळे दोन वेगळे कोड युनिक की वर (एकच कोड दोनदा न घेणाऱ्या नियमावर) आदळतात. युनिट टेस्टला हे दिसणारच नाही. खऱ्या डेटाबेसवर एक टेस्ट वेगळी लिहावी लागते.