अतिनवताऱ्याभोवतीचे द्रव्य : रेडिओ निरीक्षणांकडे वळणाऱ्यांसाठी

अतिनवताऱ्यांवर (ताऱ्यांच्या अखेरच्या प्रचंड स्फोटांवर) रेडिओ संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या विदेला (निरीक्षणांच्या माहितीला) भिऊ नये. तिची स्वच्छता आणि प्रतिमांकन सरावाने जमते. खरी परीक्षा त्यानंतर, त्या मोजमापांतून ताऱ्याचा पूर्वेतिहास वाचताना होते, आणि मी सर्वाधिक काळ तेथेच अडकले होते.

स्फोटाची आघातलाट सभोवतालच्या द्रव्यात शिरली की इलेक्ट्रॉनांना प्रचंड ऊर्जा मिळते आणि ते चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरींत दिसणारे सिंक्रोट्रॉन प्रारण निर्माण होते. त्याची तीव्रता आणि शोषण यांवरून आपण द्रव्याची घनता काढतो. ही घनता ताऱ्याच्या वस्तुमान-क्षयाचा (स्फोटापूर्वी द्रव्य गमावण्याचा) दर आणि त्याच्या वाऱ्याचा, म्हणजे बाहेर वाहणाऱ्या त्या द्रव्याचा, वेग यांच्या गुणोत्तरावर ठरते. म्हणजेच शोधनिबंधात छापलेला दर थेट मोजलेला नसतो, तर वाऱ्याचा वेग गृहीत धरून काढलेला असतो. तांबड्या महाराक्षसी (प्रचंड फुगलेल्या) ताऱ्याचा वारा सेकंदाला सुमारे १० किलोमीटर वेगाने वाहतो, वुल्फ-राये ताऱ्याचा (बाह्य थर गमावलेल्या तप्त ताऱ्याचा) सुमारे १००० किलोमीटर वेगाने. त्यामुळे एकाच घनतेतून शंभरपट वेगळे दर निघतात. काळाचेही तसेच आहे : आघातलाटेचा वेग सेकंदाला १०,००० किलोमीटर धरला, तर स्फोटानंतरच्या एका वर्षाची निरीक्षणे पहिल्या ताऱ्याच्या अखेरच्या हजार वर्षांविषयी सांगतात, दुसऱ्याच्या मात्र केवळ दहा वर्षांविषयी; कारण आघातलाट वर्षभरात जेवढे अंतर कापते, तेवढे कापायला वाऱ्याला इतकी वर्षे लागलेली असतात. गृहीत वेग पाहिल्याशिवाय दोन निबंधांतील दर कधीही शेजारी मांडू नका.

तयार कोड चालवून उत्तर मिळते, समज मिळत नाही, असे माझे ठाम मत आहे. पहिले गणित हाताने करायला लावणारा मार्गदर्शक कठोर वाटला तरी तोच निवडावा.

वारा स्थिर असतो, हेही गृहीतकच आहे. एम १०१ दीर्घिकेत मे २०२३ मध्ये सापडलेल्या २०२३आयएक्सएफ या अतिनवताऱ्याच्या वर्णपटातील अरुंद रेषा काही दिवसांतच मावळल्या, कारण दाट द्रव्य ताऱ्याच्या अगदी निकट होते, म्हणजे अखेरीस वस्तुमान-क्षय वाढला होता. तेथे एकच दर सांगणे निरर्थक ठरते.

एवढ्या गृहीतकांनी खचून जाऊ नका. ती निरीक्षणांनी कमी करता येतात. एम ८१ दीर्घिकेतील १९९३जे या अतिनवताऱ्याची, स्फोटानंतर सुमारे नऊ वर्षांनी घेतलेली जीएमआरटी आणि अमेरिकेतील व्हीएलए या रेडिओ दुर्बिणींची निरीक्षणे एकत्र जोडल्यावर ४ गिगाहर्ट्‌झजवळ वर्णपट अधिक तीव्र उताराने खाली वळलेला दिसला, आणि त्या वळणावरून एरवी गृहीत धरावे लागणारे चुंबकीय क्षेत्र काढता आले.