खनिजं खाद्यात पडतात, माशाच्या अंगी लागत नाहीत: या चुका टाळा

इंदूरच्या भोवती, देपालपूर, हातोद, सांवेर, महू या पट्ट्यात कुणी शेततळ्यात रोहू-कटला वाढवतं, कुणी टाक्यांत पंगास आणि तिलापिया. थंडी पडली की तक्रार ठरलेली: मिनरल मिक्श्चर नियमित दिलं, तरी माशांच्या अंगावर जखमा आल्याच. पाकिटावरची मात्रा बहुतेकांनी बरोबर दिलेली असते. घोटाळा त्यापुढे होतो. खनिज पाण्यात विरघळून जातं, कोंड्यातल्या फायटेटला (दाण्यातला फॉस्फरस बांधून ठेवणारा, इतर खनिजंही पकडणारा पदार्थ) चिकटून विष्ठेवाटे बाहेर पडतं, किंवा ज्या रूपात दिलं ते रूप त्या माशाला पचतच नाही. म्हणून इथे प्रत्येक चूक एकाच प्रश्नावर तपासली आहे: घातलेल्यातलं अंगी किती लागलं?

गोठ्यातलं क्षार मिश्रण तळ्यात

गाई-म्हशींचं क्षार मिश्रण घरात असतंच, स्वस्तही पडतं, म्हणून ते खाद्यात मिसळलं जातं. पण ते दुभत्या जनावरासाठी बनवलेलं असतं आणि त्यात कॅल्शियमचा भरणा मोठा असतो. माशाला कॅल्शियम पाण्यातूनच मिळतं, कल्ल्यांवाटे. माळव्याच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुधा जड असतं, त्यामुळे कॅल्शियमची वानवा इथे सहसा नसतेच. उलट जास्तीचं कॅल्शियम आणि पेंडीतलं फायटेट एकत्र आले की जस्त त्यात अडकतं. चॅनल कॅटफिशला शुद्ध प्रायोगिक खाद्यात किलोमागे २० मिलीग्रॅम जस्त पुरतं. तोच मासा सोयाबीनवर आधारलेल्या खाद्यावर असेल, तर शिफारस १५० मिलीग्रॅमपर्यंत जाते. गरज तेवढीच राहते. मधला फरक अडकून वाया जाणाऱ्या जस्ताचा आहे.

फॉस्फरसचं नेमकं उलटं. तो पाण्यात नगण्य असतो, खाद्यातूनच द्यावा लागतो, आणि इथे माशाची जात पाहावीच लागते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) यांना जठर नसतं, म्हणजे पोटात आम्ल तयार होत नाही. आम्लाशिवाय हाडाचा चुरा विरघळत नाही. सायप्रिनसवर झालेल्या मोजणीत मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधला ९४ टक्के फॉस्फरस शरीराने घेतला, डायकॅल्शियम फॉस्फेटमधला ४६ टक्के आणि ट्रायकॅल्शियममधला फक्त १३ टक्के. दुकानात डीसीपी म्हणून मिळतं ते डायकॅल्शियम. हाडाचा चुरा ट्रायकॅल्शियमच्या जवळचा. पंगास आणि तिलापियाला आम्ल स्रवणारं जठर असतं, त्यांचं डीसीपीवर भागतं. रोहू-कटल्यासाठी घरी खाद्य बनवत असाल तर १०० किलोला दीड ते दोन किलो मोनोकॅल्शियम फॉस्फेट घ्या. ते डीसीपीपेक्षा महाग आहे, पण पचणाऱ्या फॉस्फरसच्या भावाने हिशेब केला तर ते महाग राहत नाही. शिवाय न पचलेला फॉस्फरस तळ्यातच राहतो आणि पाणी गर्द हिरवं करतो, तो भुर्दंड वेगळाच.

सोया डीओसी आणि कोंडा: जे स्वस्त आहे तेच अडकवतं

इंदूर म्हणजे सोयाबीनचं गाव, डीओसी, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, हाताशी मिळते आणि ती वापरावीच. पण तिच्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेटमध्ये बांधलेला असतो, आणि तेच फायटेट जस्त, लोह, मँगेनीज यांनाही धरून ठेवतं. भाताच्या कोंड्यात फायटेट याहूनही जास्त. यावर फायटेज नावाचं विकर मिळतं, खाद्याच्या किलोला ५०० युनिट ही नेहमीची मात्रा. ते वापरताना दोन गोष्टी हमखास चुकतात.

पहिली, फायटेज पिठात मिसळून मग गरम एक्स्ट्रूडरमधून (दाबून गोळी काढणाऱ्या यंत्रातून) गोळी काढणं. साधं फायटेज त्या उष्णतेत मरतं. ते थंड झालेल्या गोळीवर, पाण्यात मिसळून फवारायचं असतं. दुसरी, जठर नसलेल्या माशात त्याच्याकडून पूर्ण कामाची अपेक्षा करणं. फायटेजला आम्लपणा लागतो, रोहूच्या आतड्यात तो नाही. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिलांवर फायटेजसोबत खाद्यात सायट्रिक आम्ल देऊन प्रयोग झाले ते याच कारणाने. ज्यांना एवढा खटाटोप जमणार नाही, त्यांनी निम्मं जस्त सल्फेटऐवजी अमिनो आम्लाशी बांधलेल्या, म्हणजे चिलेटेड रूपात द्यावं. ते फायटेटच्या तावडीत कमी सापडतं.

भुकटी शिंपडली, पाण्यात गेली

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि सुधारायला सगळ्यात सोपीही हीच चूक आहे. टबात गोळी खाद्य, त्यावर मूठभर भुकटी, वरून पाण्याचा हबका, दोनदा हात फिरवला आणि तळ्यात. सल्फेट आणि आयोडाइड रूपातली खनिजं पाण्यात सहज विरघळतात. गोळी तरंगत असते आणि मासा तोंड लावेपर्यंत तिच्यावरचं खनिज निघून गेलेलं असतं.

ओळखायचं कसं? काचेच्या पेल्यात तळ्याचंच पाणी घ्या. लेप दिलेल्या दहा गोळ्या टाका, पेला उजेडाकडे धरा आणि पाच मिनिटं हलवू नका. गोळ्यांखालून धुरासारखी रेघ खाली उतरली आणि तळाला पांढुरकी साय बसली, तर तळ्यातही तेच होतंय. पाणी स्वच्छ राहिलं तर लेप धरला.

लेप धरवण्याची रीत अशी. १० किलो गोळी खाद्यासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ ३५० मिलीलिटर पाण्यात शिजवून पातळ खळ करा. कोमट झाली की पाकिटावर सांगितलेलं प्रीमिक्स (खनिज-जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण) तिच्यात घोटा, गुठळी राहू देऊ नका. ताडपत्रीवर गोळ्या दोन बोटं जाडीने पसरा, खळ थोडी थोडी शिंपडत खालच्या गोळ्या वर आणा. सावलीत अर्धा-पाऊण तास वाळू द्या; उन्हात नको, जीवनसत्त्वं जातात. हाताला चिकटेनाशी झाली की १५० मिलीलिटर तेल वरून चोळा. हा तेलाचा थरच पाण्याला अडवतो आणि नेमका तोच कंटाळा करून वगळला जातो. लेप दिलेलं खाद्य दोन-तीन दिवसांत संपवा.

कोंडा-पेंड भोकं पाडलेल्या गोणीत भरून बांबूला टांगण्याची पद्धत असेल, तर त्यात विरघळणारी खनिजं घालू नका. मासे गोणीला तास न् तास टोचत असतात आणि तेवढ्या वेळात पिठातलं खनिज तळ्यात मिसळून जातं. त्याच मिश्रणाचं घट्ट पीठ मळून शेवयांच्या यंत्रातून काढा, वाळवून तुकडे करा.

चमच्याने मोजलेली खनिजं

झिंक सल्फेट दोन प्रकारचं मिळतं, २१ टक्के जस्ताचं आणि ३३ टक्क्यांचं. पाकिटं सारखीच दिसतात. खाद्यात किलोमागे ४० मिलीग्रॅम जस्त वाढवायचं, म्हणजे १०० किलोला ४ ग्रॅम जस्त. पहिल्या प्रकाराचं त्यासाठी १९ ग्रॅम लागेल, दुसऱ्याचं १२. चमचा मात्र एकच असतो. खतांच्या दुकानातलं झिंक सल्फेट खाद्यात वापरूच नये. त्यात शिसं आणि कॅडमियम खाद्याच्या हिशेबाने तपासलेलं नसतं. पाकिटावर ‘फीड ग्रेड’ लिहिलेलंच घ्या.

सेलेनियमच्या बाबतीत तर हात अजिबात सैल सोडू नका. किलोला ०.३ मिलीग्रॅम पुरतं, म्हणजे १०० किलो खाद्याला ३० मिलीग्रॅम, सोडियम सेलेनाइटच्या रूपात साधारण ६६ मिलीग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा आकडा उमटतसुद्धा नाही. ट्राउट माशांना खाद्यातून किलोला १३ मिलीग्रॅम सेलेनियम दीर्घकाळ दिलं तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि मासे मेले. शुद्ध सेलेनाइट माणसालाही विषारी आहे. ते सुटं विकत घेऊ नका; पातळ केलेलं प्रीमिक्स किंवा सेलेनियम यीस्टच घ्या. सोबत ई जीवनसत्त्व हवं, आणि कोंडा खवट नको. खवट तेल ई जीवनसत्त्व खाऊन टाकतं, मग सेलेनियम एकटं पडतं.

मिसळताना दुपटीने चढा: ५० ग्रॅम प्रीमिक्स ५० ग्रॅम पिठात, ते १०० ग्रॅम पुढच्या १०० ग्रॅममध्ये, असं करत तीन-चार किलोपर्यंत या, मग १०० किलोत घाला. एकदम ओतलं तर एका गोळीत दहापट आणि दुसरीत काहीच नाही.

कारखान्याचं गोळी खाद्य असेल तर त्यात प्रीमिक्स आधीच असतं. त्यावर लेप, वर आणखी ‘इम्युनिटी’ लिहिलेलं पाकीट, अशी तिहेरी मात्रा होते. तिन्ही पाकिटं समोर ठेवून बेरीज करा. आणि तांबं, लोह असलेलं मिश्रण सी जीवनसत्त्वासोबत एका डब्यात ठेवू नका. पावसाळी दमटपणात सी जीवनसत्त्व निकामी होतं, आणि जखम भरायला तेच लागतं. घ्यायचं तर फॉस्फेटला बांधलेलं, टिकाऊ रूपातलं घ्या.

कल्ले फिके दिसले, लोह सुरू केलं

हे थांबवा. रोगजंतूंनाही लोह हवं असतं. संसर्ग झाला की माशाचं शरीर स्वतःहून रक्तातलं लोह जंतूंपासून लपवून ठेवतं. अशा वेळी खाद्यातून लोहाचं टॉनिक देणं म्हणजे शत्रूला रसद पुरवणं. जास्तीच्या लोहाने खाद्यातलं तेलही लवकर खवट होतं.

कल्ल्यांचा रंग आधी नीट पाहा. फिके असतील तर पहिला संशय परजीवींचा: अंगावर माशाची ऊ चिकटली आहे का, कल्ल्यावर चपटे कृमी (फ्लूक) आहेत का, सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या. चॉकलेटी तपकिरी असतील तर नायट्राइट, म्हणजे विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातल्या अमोनियापासून पाण्यात तयार होणारं विष. बायोफ्लॉकच्या टाकीत (जिथे पाणी न बदलता जिवाणूंकडून घाण निस्तरली जाते) हे वरचेवर होतं. उपाय साधं मीठ. नायट्राइट-नायट्रोजनच्या दहापट क्लोराइड पाण्यात हवं. म्हणजे लिटरला १ मिलीग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन असेल तर हजार लिटर पाण्याला १६ ते १७ ग्रॅम मीठ, पाण्यात आधीचं क्लोराइड असेल ते वजा करून. कल्ल्यांवर गंजासारखा थर असेल तर बोअरच्या पाण्यातलं लोह आहे. ते पाणी वेगळ्या टाकीत हवा देऊन, एक दिवस निवळून मगच सोडा.

डोळ्यात पांढरेपणा आला तरी लगेच जस्ताकडे धावू नका. जस्ताच्या कमतरतेने मोतीबिंदू होतो, बहुधा दोन्ही डोळ्यांत, पुष्कळ माशांत, आणि पराच्या कडाही झिजलेल्या असतात. मोजक्या माशांत, कधी एकाच डोळ्यात, आणि तळ्यात गोगलगायी भरपूर असतील, तर डोळ्यातल्या कृमीचा विचार करा.

मोरचूद (तांब्याचं सल्फेट) हेही ताकदीचं औषध समजून पाण्यात टाकलं जातं. खाद्यात माशाला किलोला ३ ते ५ मिलीग्रॅम तांबं पुरतं. मोरचूद पाण्यात टाकायचं तर एकूण अल्कलिनिटीला (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, लिटरला मिलीग्रॅममध्ये मोजतात) १०० ने भागून येईल तेवढे मिलीग्रॅम दर लिटरला, आणि अल्कलिनिटी ५० च्या खाली असेल तर टाकूच नये.

उशीर

पाणी १८-२० अंशांच्या खाली गेलं की रोहू-कटल्यासारखे मासे खाणं खूप कमी करतात. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र १० अंशांपर्यंत उतरते. म्हणजे जखमा दिसल्यावर आणलेलं खनिज मासा फारसं खाणारच नाही, आणि आजारी तर मुळीच नाही. ते शेजारचा धडधाकट मासा खाऊन जातो. घटस्थापनेला सुरुवात करा आणि दिवाळीनंतरचा आठवडा धरून पाच-सहा आठवडे रोज द्या. हिवाळी जखमांचा रोग ॲफॅनोमायसिस नावाच्या बुरशीसारख्या जीवाने होतो आणि तो खरचटलेल्या कातडीतून आत शिरतो. कातडी आणि तिच्यावरचा बुळबुळीत थर धड ठेवणं हेच जस्ताचं काम, आणि ते थंडीच्या आधी व्हायला हवं. जखमा आल्याच तर पाण्यावर लक्ष द्या: चुना, आणि भुवनेश्वरच्या मत्स्यसंशोधन संस्थेचं सिफॅक्स हे औषध, हेक्टर-मीटर पाण्याला (एक हेक्टर तळं, एक मीटर खोल) १ लिटर, पाण्यात पातळ करून.

पहाटे विरघळलेला प्राणवायू लिटरला ३ मिलीग्रॅमच्या खाली जात असेल तर कोणतंही प्रीमिक्स उपयोगाचं नाही. अमोनियाचंही तसंच. २८ अंशांच्या पाण्यात पीएच ८ असताना एकूण अमोनियातला साडेसहा टक्के भाग विषारी रूपात असतो, पीएच ९ ला ४१ टक्के. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी पीएच ९ होतो. त्यामुळे मोजायचं ते दोनदा, सूर्य उगवायच्या आधी आणि दुपारी तीनला.

उपयोग झाला की नाही हे कळायला एक टाकी किंवा एक हापा (तळ्यात टांगलेला जाळीचा पिंजरा) लेपाविना ठेवा, बाकी सगळं तेच. दीड महिन्याने दोन्हीकडचे तीस-तीस मासे काढा. झिजलेले पर, धुरकट डोळे, खवले गेलेल्या जागा मोजून वहीत लिहा, वजनंही लिहा. आकड्यांत फरक दिसला नाही, तर पुढच्या पाकिटाचे पैसे एअरेटरच्या (पाण्यात हवा मिसळणाऱ्या यंत्राच्या) विजेवर घाला.