हॉटेलच्या खरेदीसाठी हंगामाची वही कशी मांडावी

कांदा, बटाटा, टोमॅटो बारा महिने मिळतात, त्यांच्यासाठी वही लागत नाही. शेवळं ही पावसाळी रानभाजी, ओले काजूगर, हुरडा, पुरंदरचं अंजीर, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी यांना मात्र लागते. मी पुण्यात केटरिंगच्या किचनची खरेदी बघतो. आधी मेन्यू छापायचा आणि मग माल शोधत फिरायचं, ही सवय मोडली तेव्हा माझी निम्मी धावपळ कमी झाली. त्यासाठी दोनशे पानी वही पुरते. एका मालाला दोन पानं द्या.

प्रत्येक मालापुढे तीन नोंदी करा

पहिली आवक, भर आणि उतार. हापूसचं उदाहरण घ्या. पहिल्या पेट्या जानेवारी-फेब्रुवारीत वाशीच्या बाजारात येतात, पेपरात फोटो झळकतात आणि ग्राहक लगेच विचारू लागतात. तेव्हा भाव परवडत नाही. खरा भर मार्चअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत. मृग जवळ आला की कोकणातला माल आटपतो. त्या सुमारास जुन्नरकडचा हापूस हाताशी येतो. आमरसाची तारीख भरातच धरा. रसासाठी मोठं फळ घेऊ नका. पेटी तेवढीच, पण पाच डझनाच्या पेटीत फळ मोठं आणि आठ डझनाच्या पेटीत लहान असतं. लहान फळ स्वस्त पडतं आणि रसाला तेच पुरतं. पेटी घेताना दोन-तीन फळं कापून बघा. साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, बाहेरून दिसत नाही.

तारीख झाडाला विचारा

मागच्या वर्षी अमुक तारखेला माल आला, म्हणून यंदाही येईल असं धरू नका. हापूसला मोहोर धरल्यापासून फळ तयार व्हायला साधारण साडेतीन-चार महिने लागतात. त्यामुळे बागायतदाराला डिसेंबर-जानेवारीत फोन करायचा आणि एवढंच विचारायचं: मोहोर कधी आला, किती टिकला, पालवी किती फुटली? ढगाळ हवा आणि तुडतुड्यांनी मोहोर गेला असेल, तर हंगाम लांबणार हे तेव्हाच कळतं.

स्ट्रॉबेरीची रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतात. परतीचा पाऊस रेंगाळला की लागवड मागे पडते आणि नोव्हेंबरअखेरचं फळ डिसेंबरात जातं. अंजिराच्या पानावर बहार लिहायलाच हवा. खट्टा बहार थंडीत येतो, मीठा बहार मार्च ते मे. नावाप्रमाणेच गोडी मीठ्याला जास्त. संत्र्याचंही तसंच: आंबिया बहाराचं फळ हिवाळ्याच्या तोंडाशी, मृग बहाराचं फेब्रुवारीपासून पुढे. ‘संत्री कधी मिळतील?’ या प्रश्नाला म्हणूनच दोन उत्तरं असतात.

तोडल्यावर पिकतं का, हे लिहून ठेवा

ऑर्डर किती दिवस आधी द्यायची, ते यावर ठरतं. आंबा, चिकू, सीताफळ तोडल्यावर पिकतात. हे फळ चार-पाच दिवस आधी, थोडं कडक असतानाच मागवा आणि आपल्या हाताने अढीत घाला. कार्बाइडवर पिकवलेला माल घेऊ नका, त्यावर बंदी आहे. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. देठाजवळ पांढरी राहिलेली नंतर गोड होत नाही, म्हणून ती सकाळी तोडलेली, संध्याकाळी किचनमध्ये, दुसऱ्या दिवशी ताटात. अंजीरही झाडावरच गोड होतं. झाडावर पिकलेलं अंजीर फार नाजूक असतं, थरावर थर रचू देऊ नका.

हुरड्याला आठवडा नाही, दिवस मोजा

इथे मी चुकलो आहे. एका कार्यक्रमाला फेब्रुवारीतल्या तिसऱ्या शनिवारी हुरडा कबूल केला. शेतात गेलो, कणीस तळहातावर मळलं, दाणा नखाने दाबला तर दुधाचा थेंब नाही, नुसता पिठूळ चुरा. ज्वारी पुढे निघून गेली होती. त्या दिवशी यजमानांना फोन करताना फार वाईट वाटलं.

दाणा दुधातून पिठात जायला लागला की गोडी झपाट्याने उतरते. एका फडातून जेमतेम आठ-दहा दिवस चांगला हुरडा निघतो. म्हणून आता मी सप्टेंबरातच शेतकऱ्याशी बोलतो. सुरती किंवा गुळभेंडी, हे वाण आधी ठरवतो आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरायला सांगतो. त्याच्या पेरणीच्या तारखा माझ्या वहीत असतात. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आगटी पेटती राहते.

रानभाज्यांना किलोचा हिशेब लावू नका

शेवळं पहिल्या पावसाच्या आगेमागे उगवतात आणि तीन-चार आठवड्यांत संपतात. मग टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोळी. ही कोणी पेरलेली नसतात. कर्जत, मुरबाड, पालघरकडच्या बायका पहाटे रानात जाऊन खुडतात आणि जुडीवर विकतात. त्यांना ‘रोज वीस किलो पाहिजे’ सांगणं अन्यायाचं आहे. ‘जेवढ्या जुड्या येतील तेवढ्या मी घेतो’ असा शब्द द्या, पैसे रोख द्या आणि मेन्यूवर ‘मिळेल त्या दिवशी’ असं लिहा. भावासाठी घासाघीस करू नका, ती चढण तुम्ही चढलेले नसता.

शेवळांबरोबर काकडं, ही आंबट रानफळं, मागायला विसरू नका. नीट साफ न करता, आंबट न घालता शिजवलेली शेवळं घसा खाजवतात. आतल्या दांड्याचा पिवळा, दाणेदार भाग काढून टाकायचा. नव्या शेफला हे पहिल्या दिवशीच हाताने करून दाखवा. ज्याला रानभाज्यांची पारख नाही त्याच्याकडून रानातलं काहीही घेऊ नका, विशेषतः अळिंबी.

माल कुठून, हेही त्याच पानावर

2016 पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त आहे, त्यामुळे शेतकऱ्याकडून थेट घेता येतो. तरी गाळ्यावरचं नातं तोडू नका. गारपीट झाली, गाडी घाटात अडकली, तर रात्री दोन वाजता फोन उचलणारा अडत्याच असतो. थेट खरेदीत भाव आधी बोला आणि हमाली, क्रेट, घट कोणाच्या अंगावर तेही बोला. पणन मंडळाचे रोजचे बाजारभाव बघत राहा. आवक चढली आणि भाव दोन-तीन दिवस सलग उतरला, की भर लागला असं समजा. साठवणीचा माल तेव्हाच घ्यायचा: मार्चमधली लहान स्ट्रॉबेरी क्रशला, मेमधलं कोकम आगळाला, सीताफळाचा गर फ्रीजरला.

ओल्या काजूगरांचं पान मी दरवर्षी फेब्रुवारीत उघडतो. ते शेकड्यावर मिळतात, सोलताना चिकाने हात भाजतात, म्हणून सोललेलेच मागवतो आणि सोलणावळ वेगळी देतो. या पानावर शेवटची नोंद आहे: ‘होळीच्या आठवड्यात दुप्पट सांगणे.’